लबोर्न्य, द बॉयन, बेनेट : एका आडनांवाची वंशकथा

पुणें शहरांतील नाना पेठेच्या आमच्या देवळास जागा मिळाली ती इ. स. १७९२ मध्यें, सवाई माधवराव पेशव्यांकडून; आणि मिळाली ती मराठ्यांच्या लष्करांत चाकरी करणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या उपासनेसाठीं. त्याच वर्षीं महादजी शिंदे उत्तरेंतून पुण्यास आले. ज्या कवायती पलटणींच्या बळावर त्यांनीं उत्तर हिंदुस्थानांत आपला अंमल बसविला, त्यांचे सरदार बहुतेक फरासीस किंवा फ्रेंच बोलणारे होते. या लोकांचीं आडनांवें कागदोपत्रीं कशीं पालटत गेलीं, हें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

फ्रेंच भाषेंत शब्दाच्या शेवटचीं कित्येक अक्षरें लिहितात, पण उच्चारीत नाहींत. आपल्या कारकुनानें कानावर पडेल तें मोडींत उतरावें. आणि मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध तो काय! 'मस्य', म्हणजे श्रीयुत, या फ्रेंच उपपदाचें 'मुसा' झालें, आणि बुसीचा मुसाबुसी झाला. निजामाचा सेनानी रेमाँ यास तर हैदराबादेचे हिंदु लोक मुसाराम व मुसलमान लोक मुसा रहीम म्हणूं लागले. तेथील मुसारामबाग हें नांव अद्याप चालू आहे. सन १७९५ मध्यें खर्ड्याच्या लढाईंत रेमाँसमोर शिंद्यांच्या बाजूनें जो पेराँ उभा होता, त्याचें मूळ आडनांव क्विये. पेराँ हें त्यानें मागाहून धारण केलें.

परंतु सर्वांत मनोरंजक कथा महादजींच्या मुख्य सेनानीची. मराठी ग्रंथांत त्यास डी बॉयन, डिबॉइन असें नाना प्रकारें लिहितात. सॅव्हॉय प्रांतांतील शांबेरी गांवीं सन १७५१ मध्यें तो जन्मला. बाप कातड्यांचा व्यापारी. घराण्याचें नांव लबोर्न्य. या शब्दाचा अर्थ 'एकाक्ष'. आपल्याकडे काणे आडनांवाचे गृहस्थ तें मानानें लावतात. बन्वा लबोर्न्य यास मात्र आपलें नांव रुचलें नसावें. फ्रेंच सैन्यांत शिरल्यावर त्यानें त्यांतील एक अक्षर बदललें, पुढें कुलीनतेचें 'द' लाविलें, आणि चर्मव्यापाऱ्याचा पुत्र 'द बॉयन' झाला. पुढें १८१६ सालीं सार्डिनियाच्या राजानें त्यास काउंट केलें, तेव्हां ही उसनी कुलीनता खरीहि ठरली!

आतां कोणी वंशावळ शोधूं लागला आणि केवळ अक्षरें जुळवीत बसला, तर बापलेक त्यास परके वाटतील. म्हणून आमच्या मतें आडनांवाच्या वर्णांपेक्षां बाप्तिस्म्याचें नांव, जन्मस्थळ, आईचें नांव व धर्ममातापित्यांचीं नांवें यांवर अधिक भरंवसा ठेवावा. अक्षर लिहिणाऱ्याच्या हातीं असतें. आई कोण, हें त्याच्या हातीं नसतें.

पण येथें आईचेंहि नांव टिकलें नाहीं. द बॉयनची हिंदुस्थानांतील पत्नी नूर बेगम. तिच्या पोटीं बानू ही कन्या व अली बक्ष हा पुत्र झाला. सन १७९७ च्या सुमारास सर्व कुटुंब इंग्लंडांत आलें. मुलांचा बाप्तिस्मा होऊन बानूची ॲना व अली बक्षचा चार्ल्स अलेक्झांडर झाला. पुढल्याच वर्षीं द बॉयननें एका फ्रेंच कुलीन कन्येशीं लग्न लाविलें, आणि नूर बेगम बाजूस पडली. पतीचें आडनांव तिला लाभलें नाहीं. त्याच्या 'बन्वा' या बाप्तिस्म्याच्या नांवाचें इंग्रजी रूप 'बेनेट' तेवढें तिच्या वांट्यास आलें. हेलेना बेनेट या नांवानें ती ससेक्समधील हॉर्शम गांवीं राहिली. सन १८३० मध्यें द बॉयन वारल्यावर पुत्र चार्ल्स शांबेरीस काउंट म्हणून मिरवूं लागला. आजा लबोर्न्य, बाप व मुलगा द बॉयन, आई बेनेट. हेलेना १८५३ सालीं हॉर्शम येथेंच निवर्तली, व तेथील देवळाच्या आवारांत तिला पुरण्यांत आलें.