प्रवेशकथा आणि प्रयोगकथा : कमला सोहोनी आणि बंगळूरची प्रयोगशाळा

मराठी चरित्रवाङ्मयात 'पहिली' या विशेषणाला एक स्थिर जागा आहे. पहिली डॉक्टर, पहिली पदवीधर, पहिली संशोधक अशा ओळखीभोवती स्त्रीचरित्राची मांडणी होते. नकार, निर्धार आणि प्रवेश या तीन पायऱ्यांनी कथानक पुढे सरकते आणि दार उघडले की बहुधा संपते. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रापासून श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीपर्यंत आनंदीबाई जोशी यांच्याविषयी वाचकाच्या मनात ठसतो तो समुद्रापार जाण्याचा निश्चय. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांनी हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्रावर जो प्रबंध सादर केला, त्याच्याकडे मात्र क्वचितच कोणी वळते. विज्ञानक्षेत्रात याच साच्याचे ठळक उदाहरण म्हणजे जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या कमला भागवत. त्यांच्या प्रवेशाची कथा आणि त्यांच्या प्रयोगांची कथा यांतील अंतर तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

कमलाबाई या लोकसाहित्याच्या अभ्यासक व लेखिका दुर्गा भागवत (जन्म १९१०) यांच्या धाकट्या भगिनी. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि दोघांचेही शिक्षण बंगळूरला झालेले होते. जमशेटजी टाटांच्या देणगीतून १९०९ मध्ये स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था जनमानसात 'टाटा इन्स्टिट्यूट' या नावाने ओळखली जात असे. भागवत कुटुंबाच्या दृष्टीने ही संस्था म्हणजे घरच्या शिक्षणपरंपरेचा पुढचा टप्पाच होता. त्यामुळे मुंबई विद्यापीठाची रसायन व भौतिक या विषयांतील पदवी मिळाल्यावर १९३३ मध्ये कमलाबाईंनी बंगळूरला अर्ज करणे स्वाभाविक होते. अर्ज नाकारला गेला, तो मात्र गुणवत्तेच्या कारणाने नव्हे.

त्याच वर्षी संस्थेच्या संचालकपदी आलेले चंद्रशेखर वेंकट रामन हे त्या पदावरील पहिले भारतीय. नोबेल पारितोषिकाला तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती. प्रयोगशाळेत स्त्रिया नकोत, ही त्यांची भूमिका होती. कमलाबाई माघारी गेल्या नाहीत. त्यांनी बंगळूर गाठून कारण विचारले, आणि अनेक कथनांत या आग्रहाला 'सत्याग्रह' असे म्हटले गेले आहे. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर : पहिले वर्ष उमेदवारीचे राहील, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करावे लागेल आणि त्यांच्या उपस्थितीमुळे प्रयोगशाळेतील पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये. वर्ष संपल्यावर रामन यांनी त्यांचे काम मान्य केले आणि पुढे संस्थेत स्त्रियांना प्रवेश मिळू लागला. ही हकीकत मुख्यतः कमलाबाईंच्या उत्तरायुष्यातील आठवणींच्या आधारे पोहोचली आहे. त्या आठवणींत विजयाच्या आनंदापेक्षा अपमानाची बोच अधिक आहे, ही बाब नंतरच्या सांगणाऱ्यांनी पुष्कळदा सौम्य केली आहे.

असे प्रसंग इतरत्रही आढळतात. १९०७ मध्ये बर्लिनला आलेल्या लिझे माइटनर यांना एमिल फिशर यांच्या रसायनसंस्थेत काम करण्याची मुभा मिळाली ती तळघरातील एका जुन्या सुतारशाळेपुरती, तीही बाहेरच्या स्वतंत्र दाराने ये-जा करण्याच्या अटीवर. दोनएक वर्षांत ही बंदी उठली. दोन्ही प्रसंगांत दार हे केवळ रूपक नाही. ते विटा-लाकडांचे, नियमांचे आणि वेळापत्रकाचे दार आहे. तथापि माइटनर यांच्या चरित्रात तळघराच्या पुढे अणुविखंडनापर्यंतची वाट सविस्तर येते. कमलाबाईंच्या बाबतीत कथन दारापाशीच रेंगाळते. म्हणून दाराच्या आत काय घडले, हे पाहणे आवश्यक ठरते.

आत मार्गदर्शक होते एम. श्रीनिवासय्या आणि विषय होता दूध, कडधान्ये व डाळी यांतील प्रथिनांचा. त्या काळी अन्नातील प्रथिनांचे प्रमाण ठरवण्याची रूढ पद्धत अप्रत्यक्ष होती. पदार्थातील एकूण नायट्रोजन मोजायचा आणि त्याला ६.२५ ने गुणायचे. या हिशेबात सगळा नायट्रोजन प्रथिनांतच आहे असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात त्याचा काही भाग सुट्या अमिनो आम्लांत आणि इतर साध्या संयुगांत असतो. तो वेगळा न काढल्यास डाळीतील प्रथिने आहेत त्यापेक्षा अधिक भासतात. भागवत आणि श्रीनिवासय्या यांचा कडधान्यांतील प्रथिनेतर नायट्रोजनावरचा निबंध १९३५ मध्ये इंग्लंडच्या 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या देशात बहुसंख्य लोकांच्या ताटातील प्रथिने डाळीतूनच येतात, तेथे हा प्रश्न केवळ मोजमापाचा राहत नाही. डाळीच्या वाटीत खरोखर किती पोषण आहे, असा तो प्रश्न होता. या कामावर १९३६ मध्ये त्यांना मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. मिळाली.

याच सुमारास त्याच आवारात रामन स्वतः काय करीत होते, हे पाहणे उद्बोधक आहे. १९३४-३५ च्या दरम्यान त्यांनी रंगदीप्त शिंपल्यांवर आणि पक्ष्यांच्या पिसांतील रंगांवर निबंध लिहिले. शिंपल्याच्या आतील झळाळी कोणत्याही रंगद्रव्यातून येत नाही. चुन्याच्या अतिशय पातळ थरांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून काही रंग तीव्र करतात आणि काही पुसून टाकतात. पुढे १९५३ मध्ये रामन आणि ए. जयरामन यांनी ओपल या रत्नाच्या रंगांचा अभ्यास केला. ओपल म्हणजे सिलिकाच्या सूक्ष्म गोलकांची नियमबद्ध रचना, हे १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवले. अशा नियतकालिक रचनांतून प्रकाशाच्या काही तरंगलांबी पार होऊच शकत नाहीत, ही कल्पना १९८७ मध्ये एली याब्लोनोविच आणि सजीव जॉन यांनी स्वतंत्रपणे मांडली आणि त्यानंतर 'फोटॉनिक स्फटिक' ही संज्ञा रूढ झाली. ओपल हा आज निसर्गातील फोटॉनिक स्फटिक मानला जातो.

शिंपला आणि डाळ या दोन्ही वस्तू बाजारात मिळणाऱ्या, कोणाच्याही हाताळणीतल्या. एका आवारात, एकाच काळात, त्यांच्या आतील रचनेचा शोध चालू होता. तरीही विज्ञानाच्या लोकप्रिय इतिहासात शिंपल्यावरचे काम 'मूलभूत' गणले जाते आणि डाळीवरचे 'स्त्रीसुलभ' किंवा 'उपयोजित' ठरते. ही उतरंड वस्तूंच्या स्वरूपातून आलेली नाही. ती कोणाच्या हातात कोणती वस्तू आहे, यावरून ठरलेली आहे. रामन आणि कमलाबाई यांना केवळ नाकारणारा आणि नाकारलेली अशा दोन पात्रांत बसवले, की समान संशोधनसंस्कृतीचा हा धागा तुटतो.

केंब्रिजमध्ये हा धागा वेगळ्या प्रकारे जुळला. तेथे कमलाबाईंनी प्रथम डेरेक रिक्टर यांच्याबरोबर प्राणिज विकरांवर काम केले. त्यावरील निबंध १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. नंतर त्या रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या श्वसनाकडे वळल्या. पेशींच्या श्वसनात भाग घेणारे सायटोक्रोम हे लोहयुक्त द्रव्य डेव्हिड केलिन यांनी केंब्रिजमध्येच १९२५ मध्ये वर्णपटदर्शकातून ओळखले होते. कीटकांच्या स्नायूंत, जिवाणूंत आणि यीस्ट या बुरशीवर्गीय जीवात त्याच्या काळ्या रेषा दिसल्या होत्या. सपुष्प वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर असते, हे हिल आणि भागवत यांनी १९३९ मध्ये 'नेचर'मधील टिपणात मांडले. यीस्टपासून बटाट्यापर्यंत सजीवांच्या श्वसनाची मूळ यंत्रणा एकच आहे, या विचाराला त्यामुळे बळ मिळाले. बंगळूरला ज्या वर्णपटशास्त्राच्या आचार्यांनी त्यांना दार नाकारले होते, त्याच शास्त्राच्या साधनाने हे संशोधनक्षेत्र उभे राहिले होते.

तेव्हाचा केंब्रिजचा जीवरसायन विभाग फ्रेडरिक हॉपकिन्स यांचा होता. तेथे जोसेफ नीडहॅम भ्रूणाच्या वाढीचे रसायन शोधत होते, आणि मार्जरी स्टीफन्सन यांच्यासारख्या स्त्रिया केवळ सहायक नव्हत्या, संशोधक होत्या. बंगळूरशी तुलना करताना हा विभाग उदार ठरतो. मात्र ती तुलना अर्धवट सोडता येत नाही. कमलाबाईंनी १९३९ मध्ये जेथून पीएच.डी. मिळवली, त्या केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण सभासदत्व दिले ते १९४८ मध्ये. प्रयोगशाळेचे दार उघडे आणि विद्यापीठाचे अर्धे मिटलेले, अशी ही स्थिती होती. 'विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री' हे बिरुदही तपासून घ्यावे लागते. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना मिशिगन विद्यापीठाने १९३१ मध्येच डी.एस्सी. दिली होती. अशा बिरुदाने कमलाबाईंची थोरवी वाढत नाही. उलट त्यांच्याआधी वाट चालून गेलेली दुसरी स्त्री त्यामुळे झाकली जाते.

प्रवेशकथेचा सुखान्त बंगळूरमध्येही टिकत नाही. १९४० मध्ये अ‍ॅना मणी रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या. हिऱ्यांच्या प्रकाशदीप्तीवर त्यांनी पाच वर्षे काम केले आणि १९४५ मध्ये मद्रास विद्यापीठाला प्रबंध सादर केला. एम.एस्सी. नाही या कारणाने विद्यापीठाने पदवी नाकारली. पूर्ण झालेला तो प्रबंध रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात आहे. अ‍ॅना मणी पुढे भारतीय हवामान खात्यात उपकरणशास्त्रातील अधिकारी व्यक्ती झाल्या. १९३४ मध्ये एक दार उघडले, हे खरे. पण काम, पदवी आणि मान्यता यांची दारे निरनिराळी असतात आणि ती एकदम उघडत नाहीत, हे या दोन चरित्रांच्या एकत्रित वाचनातून दिसते.

१९३९ मध्ये परतल्यावर कमलाबाईंनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात आणि नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केले. १९४७ मध्ये विवाहानंतर त्या मुंबईला आल्या आणि विज्ञान संस्थेत जीवरसायनाचे अध्यापन करू लागल्या. पुढे त्या या संस्थेच्या संचालक झाल्या. डाळींतील प्रथिनांपासून निघालेला मार्ग येथे पचनाला अडथळा करणाऱ्या द्रव्यांपर्यंत आणि राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून नीरेच्या पोषणमूल्यापर्यंत गेला. यीस्टमुळे आंबून नीरेची ताडी होते. आंबण्यापूर्वीच्या त्या रसातील जीवनसत्त्वे व लोह कुपोषित मुलांना उपयोगी पडते का, हा त्या संशोधनाचा प्रश्न होता. निवृत्तीनंतर ग्राहक चळवळीतील 'कीमत' या नियतकालिकातून त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लिहिले. थोरल्या भगिनीने 'ऋतुचक्र'मध्ये निसर्ग आणि 'खमंग'मध्ये स्वयंपाकघर अभ्यासाच्या कक्षेत आणले. धाकटीने त्याच स्वयंपाकघरातील डाळ परीक्षानळीत नेली. रोजच्या वस्तूला ज्ञानाचा विषय मानण्याची ही वृत्ती दोघींत समान आहे. मराठी समीक्षेने तिची नोंद दुर्गाबाईंच्या संदर्भात घेतली, कमलाबाईंच्या संदर्भात फारशी घेतली नाही.

भारतीय स्त्री-वैज्ञानिकांवरील 'लीलावतीज डॉटर्स' हा इंग्रजी ग्रंथ २००८ मध्ये इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसने बंगळूरहून प्रकाशित केला. ही अकादमी १९३४ मध्ये रामन यांनीच स्थापन केली होती. ग्रंथाच्या संपादकांपैकी एक, पुण्याच्या रोहिणी गोडबोले (निधन २०२४), भारतीय विज्ञान संस्थेत कणभौतिकीच्या प्राध्यापक होत्या. ज्या संस्थेत कमलाबाईंना उमेदवारीवर घेतले गेले, तेथील प्राध्यापिकेने त्यांचे चरित्र ग्रंथबद्ध करावे, हा बदल नोंद घेण्याजोगा आहे. फोटॉनिक स्फटिक, भ्रूणातील जनुकांचे नियमन, बुरशींचे जीवरसायन हे आज बंगळूरच्या संशोधनविश्वाचे परिचित विषय आहेत आणि त्यांत अनेक स्त्रिया कार्यरत आहेत. त्यांची मराठीत चरित्रे लिहिली जातील तेव्हा प्रवेशाच्या प्रसंगाइतकीच जागा त्यांच्या प्रश्नांना, साधनांना आणि निष्कर्षांना मिळते का, हे पाहावे लागेल. कमला सोहोनी यांच्याबाबत हे काम अजून बरेचसे शिल्लक आहे. त्याची सुरुवात १९३५ च्या त्या डाळींवरील निबंधापासून करता येईल.