लातूर ते मुंबई, सरळ रेषेत

परवा नातीने मोबाईलवर शोधून सांगितलं, "आजोबा, लातूर ते मुंबई विमानाने फक्त ३८५ किलोमीटर. तासाभराचं काम!"

शाळेत भूगोल शिकवताना मी मुलांना नकाशावर अंतर दोन तऱ्हांनी मोजायला लावायचो. सरळ अंतर पट्टीने, रस्त्याचं दोऱ्याने. दोरा नेहमी जास्त लागायचा, पोरांना गंमत वाटायची. नातीचं उत्तर पट्टीचं होतं.

लातूरचा विमानतळ १९९१चा. तिथून मधे काही काळ प्रवासी विमान उडालं, पण ते काही टिकलं नाही. नांदेडचं नशीब बरं. २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला तिथल्या विमानतळाचं रूप पालटलं, आणि २०१७ मध्ये तर थेट अमृतसरला विमान गेलं, म्हणजे सुमारे १४०० किलोमीटर! असो. सांगायचं होतं ते आमच्या किल्लारीचं.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती बोळवून गाव नुकतंच झोपलं होतं. आमची घरं माळवदाची. दगडमातीच्या जाड भिंती, वर फूट-दोन फूट माती. उन्हाळ्यात गार राहायची म्हणून आम्हाला कोण अभिमान! तीच माती अंगावर आली. मी अंगणात झोपलो होतो म्हणून वाचलो. आई आत होती.

तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार त्याच सकाळी मुंबईहून विमानाने निघून किल्लारीत पोहोचले. ते आले म्हणून यंत्रणा हलली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझा थोरला भाऊही मुंबईतच होता, परळच्या चाळीत. विसर्जनाचं जागरण करून झोपलेला. सकाळी आठला शेजाऱ्याच्या रेडिओवर त्याने गावाचं नाव ऐकलं.

लातूरला तेव्हा मिरजेकडून येणारी छोटी गाडी होती, मुंबईची मोठी गाडी नव्हती. म्हणून तो रात्रीच्या गाडीने सोलापूरला उतरला. ते ४५५ किलोमीटर. पुढे एसटीने उमरगा, आणि तिथून मिळेल त्या ट्रकने, शेवटी पावसात चिखल तुडवत पायी. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला तो माझ्यासमोर उभा राहिला. बातमी ऐकल्यापासून तीस तास झाले होते.

आईला आम्ही आदल्या संध्याकाळीच अग्नी दिला होता. पडलेल्या घरांचीच लाकडं, आणि एका सरणावर किती जण ते विचारू नका. वाट कुणाची आणि कशी पाहणार?

दादा रडला नाही. खाली बसला आणि त्याने एवढंच विचारलं, "किती वाजता दिलात?"

"सहाच्या सुमारास," मी म्हणालो.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तेव्हा मी दादरला फलाटावर बसलो होतो रे. गाडी यायची होती."