मराठी ख्रिस्ती उपासनेतील ईशस्तवन : ओवी ते भजन

ख्रिस्ती उपासनेत याचना, पापकबुली आणि आभारप्रदर्शन यांबरोबरच निव्वळ आराधनेला, म्हणजे काहीही न मागता केलेल्या ईशस्तवनाला, स्वतंत्र स्थान आहे. मराठी भाषक ख्रिस्ती समाजापुढे मात्र एक मूलभूत प्रश्न उभा राहिला : धर्मांतराबरोबर भक्तीची मातृभाषाही सोडावी काय?

या प्रश्नाचे पहिले ठळक उत्तर गोव्यात मिळते. इ. स. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमी लिपीत छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथाचा आरंभ मराठी पुराणकाव्याच्या प्रथेप्रमाणे ईशस्तवनानेच होतो.

एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनांबरोबर पाश्चात्त्य चालींची भाषांतरित गीते रूढ झाली. त्यांतील आशय मराठीत आला, तरी लय परकीच राहिली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (निधन १९१९) ही उणीव ओळखली. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे कार्य करताना त्यांनी अभंग, भजन व कीर्तन ही माध्यमे स्वीकारली. तुकारामांच्या अभंगवाणीचे ऋण ते उघडपणे मान्य करीत.

स्टीफन्स व टिळक यांच्यात तीन शतकांचे अंतर आणि पंथभेद असूनही दोघांचा निष्कर्ष एकच आहे. आराधनेत भाषा व छंद हे केवळ बाह्य आवरण नसते. उपासकाचे अंतःकरण त्यातूनच बोलते. म्हणूनच श्रद्धा बदलली तरी ओवी-अभंगाचा वारसा तुटला नाही.