अर्ध्यावर थांबलेली भिंत

गेल्या आठवड्यात एका बातमीसाठी खाडीपलीकडे जायचं होतं. फेरीबोटीवर बाइक लावली आणि कठड्याला टेकून उभा राहिलो. पायाखाली डेकवर बोल्टांनी आवळलेली लोखंडी झाकणं दिसली. तांडेलांना विचारलं, खाली काय आहे? म्हणाले, "कप्पे आहेत. एक फुटला तर बाकीचे तारतात. म्हणून झाकण उघडं ठेवायचं नाही."

या कप्प्यांमधल्या आडव्या भिंती म्हणजे बल्कहेड. कल्पना जुनी, आणि युरोपची नाही. १९७४ साली चीनमधल्या च्वानचौजवळ तेराव्या शतकातलं एक लाकडी जहाज उकरून काढलं, त्यात १२ भिंती आणि १३ कप्पे होते. बेंजामिन फ्रँकलिनने १७८७ मध्ये टपालाच्या बोटींना ही चिनी पद्धत सुचवली होती.

आता टायटॅनिक. सिनेमा सगळ्यांनी पाहिलाय, पण भिंतींबद्दल फार कोणी बोलत नाही. १५ भिंती, १६ कप्पे. पुढचे चार कप्पे भरले तरी जहाज तरंगेल असा हिशेब होता. हिमनगाने त्याहून जास्त उघडले. पण खरी गोम पुढे आहे. मधल्या बहुतेक भिंती पाण्याच्या पातळीवर जेमतेम तीन-साडेतीन मीटर जाऊन थांबलेल्या, वर झाकण नाही. आपल्या उताराच्या भातखाचरात काय होतं? वरचं खाचर भरलं की पाणी बांधावरून खालच्यात. तसंच झालं. नाक खाली गेलं, पाणी एका भिंतीवरून पुढच्या कप्प्यात. दोन तास चाळीस मिनिटांत दीड हजार माणसं गेली. आणि हे सगळं तेव्हाच्या नियमात बसत होतं बरं का!

नंतर ऑलिम्पिक या जुळ्या जहाजाच्या काही भिंती वर नेल्या. तिसरं, ब्रिटानिक, आधीच सुधारून बांधलं. १९१६ मध्ये ते स्फोटात सापडलं आणि ५५ मिनिटांत बुडालं. हॉस्पिटल शिप होतं, हवेसाठी खालच्या खिडक्या उघड्या होत्या, त्यातून पाणी आलं.

गाड्या नेणाऱ्या बोटींची गोष्ट तर आणखी वेगळी. ट्रक सरळ आत, सरळ बाहेर यावा म्हणून गाड्यांच्या डेकवर आडवी भिंतच ठेवत नाहीत. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झीब्रुगं बंदरातून 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' पुढचा दरवाजा उघडा ठेवूनच निघाली. मोकळ्या डेकवर पाणी एका बाजूला धावलं आणि काही मिनिटांतच बोट आडवी झाली. १९३ मृत्यू. दरवाजा लावणारा खलाशी झोपला होता, आणि तो लागला की नाही हे कॅप्टनला कळायला पुलावर साधा दिवासुद्धा नव्हता.

परतीच्या फेरीत मी ती झाकणं नीट बघितली. एकावर दोन बोल्ट कमी. तांडेलांना दाखवलं.

"कळवलंय," म्हणाले. "पावसाआधी बसतील."

पाऊस यायला तीन आठवडे आहेत. मी परत जाऊन बघणार आहे.