समाजवादाचे स्वाहिली नाव

इंग्रजीतील 'सोशलिझम'ला स्वाहिलीत काय म्हणावे? टांगानिकाचे नेते ज्युलिअस न्येरेरे, धर्माने कॅथलिक व पेशाने शिक्षक, ह्यांनी १९६२ साली त्यासाठी 'उजमाआ' हा शब्द योजिला. 'जमाआ' म्हणजे सगेसोयरे. मूळ अरबी, आपल्या 'जमात'चेच भावंड. आरंभी 'उ' जोडला की झाला आप्तपणा. आपल्या 'समाजवादा'त निदान वाद तरी आहे. ह्या शब्दात वर्गसंघर्षाला जागाच नव्हती, आणि न्येरेरे ह्यांना तेच हवे होते. पुढच्याच वर्षी त्यांनी केलेले शेक्सपिअरच्या 'ज्युलिअस सीझर'चे स्वाहिली भाषांतर प्रसिद्ध झाले. शब्दांचे वजन ते जाणून होते. तरीही १९७३ पासून, टांगानिकाचा टांझानिया झाल्यावर, लक्षावधी शेतकऱ्यांना ह्याच आप्तपणाच्या नावाने सक्तीने नव्या गावांत हलविण्यात आले. कित्येकांची राहती घरे पाडली गेली, जाळलीही गेली.