रोहिणीचें पाणी

थोर पुरुषांच्या चरित्रांतील जे प्रसंग सर्वांच्या तोंडीं असतात, तेच पुष्कळदां जुन्या साधनांत सांपडत नाहींत, हा अनुभव इतिहासाच्या अभ्यासकास नवा नाहीं. गौतम बुद्धाच्या गृहत्यागाची कथा अशांपैकींच आहे. राजपुत्र रथांत बसून उद्यानाकडे निघतो; वाटेंत त्यास एक जराजर्जर म्हातारा, एक रोगी, एक प्रेत आणि शेवटीं एक संन्यासी दिसतो; आणि मग एका मध्यरात्रीं निजलेली पत्नी व तान्हें मूल सोडून तो निघून जातो. चित्रांतून, नाटकांतून व शाळेच्या पुस्तकांतून ही कथा आम्हीं इतक्या वेळां पाहिली व ऐकली आहे कीं, एकोणतीस वर्षांच्या माणसानें तोंवर म्हातारा मनुष्य पाहिलाच नसेल काय, हा साधा प्रश्नही आमच्या मनांत येत नाहीं.

हा प्रश्न मराठींत निर्भीडपणें मांडण्याचें श्रेय धर्मानंद कोसंबी यांस आहे. गोव्यांतील सांखवाळ येथें १८७६ सालीं जन्मलेल्या या गृहस्थांनीं बुद्धाच्या ओढीनें घर सोडलें, सिंहलद्वीपांत जाऊन दीक्षा घेतली, आणि पुढें पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत पाली भाषा शिकविली. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहांत भाग घेऊन त्यांनीं तुरुंगही पाहिला. ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथांत त्यांनीं दाखवून दिलें कीं, चार दृश्यांची कथा मूळांत गौतमाची नाहीं. दीघनिकायाच्या महापदानसुत्तांत ती विपस्सी नांवाच्या पूर्वींच्या बुद्धाविषयीं आहे. मागाहून ती गौतमाच्या चरित्रांत आली. उलट मज्झिमनिकायाच्या अरियपरियेसनसुत्तांत गौतम स्वतःच सांगतो कीं, आपण ऐन तारुण्यांत, आईबाप अश्रु ढाळीत असतां, घर सोडलें. म्हणजे मध्यरात्रीं चोरून निघून जाणें हेंही त्यांत नाहीं. शिवाय सुत्तनिपाताच्या अत्तदंडसुत्तांत वैराग्याचें कारण निराळेंच दिलें आहे. आटत चाललेल्या पाण्यांतील मासे जसे तडफडतात, तशी माणसें एकमेकांशीं झगडतांना पाहून वक्त्यास भय वाटलें. शस्त्र हातीं घेणें हेंच त्या भयाचें मूळ. हें सुत्त आणि शाक्य व कोलिय यांच्या तंट्याची जुनी कथा यांची कोसंबींनीं सांगड घातली.

ती कथा जातकाच्या व धम्मपदाच्या अट्ठकथांत आहे. कपिलवस्तूचे शाक्य व शेजारचे कोलिय यांच्या मधून रोहिणी नदी वाहते. एकाच बंधाऱ्याचें पाणी दोघांच्या शेतांस जातें. ज्येष्ठ महिन्यांत पिकें कोमेजूं लागतात, आणि दोन्हीकडचे राबणारे लोक बंधाऱ्यावर जमतात. कोलियांचे लोक म्हणतात, “पाणी दोहोंस वांटलें तर कोणासच पुरणार नाहीं. आमचें पीक एका पाण्यांत निघेल. तेव्हां पाणी आम्हांस द्या.” शाक्यांचे लोक नेमकें तेंच म्हणतात. कोणीं एकानें हात उगारला, दुसऱ्यानें परत मारलें, आणि मग कुळें निघालीं. ‘तुम्ही सख्ख्या बहिणींशीं संसार करणारे,’ असें एकानें म्हणावें; ‘तुम्ही बोरीच्या झाडांत राहणाऱ्या महारोग्यांचे वंशज,’ असें दुसऱ्यानें. हे शब्द कामगारांकडून अमात्यांकडे व अमात्यांकडून राजकुळांकडे पोहोंचले, आणि दोन्हीकडचे क्षत्रिय शस्त्रें घेऊन बाहेर पडले.

बुद्ध तेथें आला व त्यानें विचारलें, “हें भांडण कशाचें?” राजांस तें सांगतां येईना. त्यांनीं सेनापतीस विचारलें, सेनापतीनें उपराजास. असें विचारतां विचारतां प्रश्न शेवटीं दास व कामकरी यांच्यापर्यंत गेला, तेव्हां कळलें कीं, भांडण पाण्याचें. “पाण्याचें मोल किती?” “थोडें.” “आणि क्षत्रियांचें?” “त्यांचें मोलच करतां येत नाहीं.” मग थोड्या मोलाच्या वस्तूसाठीं अमोल वस्तूचा नाश करणें योग्य काय, एवढेंच त्यानें विचारलें, आणि शस्त्रें खालीं ठेवलीं गेलीं.

येथें इतिहासकारानें सावध राहिलें पाहिजे. अट्ठकथेंतील ही घटना बुद्ध झाल्यानंतरची आहे, गृहत्यागापूर्वींची नव्हे. आणि अत्तदंडसुत्तांत शाक्यांचें, कोलियांचें किंवा रोहिणीचें नांवही नाहीं. म्हणून कोसंबींचें म्हणणें हें सिद्ध झालेलें सत्य नसून एक सयुक्तिक अनुमान आहे, असेंच आम्ही म्हणूं. परंतु या अनुमानानें एक मोठें काम केलें. ज्या त्यागाकडे आम्ही जगापासून पाठ फिरविणें म्हणून पाहत होतों, तो जगांतल्या एका नेमक्या अन्यायास दिलेला नकार असूं शकेल, हें त्यानें दाखविलें.

हाच धागा डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं पुढें नेला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास त्यांनीं बौद्ध धर्म स्वीकारला, आणि त्यांच्या निधनानंतर १९५७ सालीं त्यांचा बुद्ध व त्याचा धम्म यांवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांत तरुण सिद्धार्थ शाक्यांच्या संघांत युद्धाच्या ठरावास विरोध करतो. दोन्हीकडचे दोन दोन पंच नेमावे, त्यांनीं पांचवा निवडावा व तंटा मिटवावा, अशी सूचना मांडतो. बहुमतानें हरतो आणि परिव्रज्या पत्करतो. पुढें शाक्यांनीं व कोलियांनीं समेट केल्याची वार्ता त्यास कळते, तरी तो परत फिरत नाहीं. राष्ट्रांचें भांडण प्रसंगानें होतें, पण वर्गावर्गांचें भांडण नित्य चालूं असतें, असें त्यास तेव्हां दिसतें.

हें वाचून आम्ही पुन्हा जुन्या कथेकडे वळलों, तेव्हां एक गोष्ट मनास टोंचूं लागली. शस्त्रें खालीं ठेवलीं गेलीं. दोन्ही कुळांतील अडीचअडीचशें तरुण भिक्षु झाले. पण बंधाऱ्याचें पाणी शेवटीं कोणास मिळालें? कथा तें सांगत नाहीं. क्षत्रियांचें मोल ठरलें. ज्यांच्या डोळ्यांदेखत रोपें वाळत होतीं त्यांच्या मोलाचा प्रश्नच निघाला नाहीं. पाण्याची किंमत थोडी, हें उत्तर राजाच्या तोंडीं शोभतें. शेतकऱ्याच्या तोंडीं तें आलें असतें काय? आणि तरीही भांडणाचें खरें कारण त्या दास-कामकऱ्यांसच ठाऊक होतें, हें त्याच कथेनें प्रामाणिकपणें नोंदून ठेविलें आहे.

आमच्या महाराष्ट्रांत हा प्रश्न निराळ्या रीतीनें विचारला गेला. २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्यावर आंबेडकर व त्यांचे सहस्रावधि अनुयायी गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. तेथें पाणी आटलेलें नव्हतें. तळें भरलेलें होतें. तरी त्या ओंजळीवरून डोकीं फुटलीं, आणि मागाहून तळें ‘शुद्ध’ करण्याचा विधि झाला. न्यायालयाचा अखेरचा निकाल लागावयास १९३७ साल उजाडलें. रोहिणीच्या कांठीं पाणी कमी होतें म्हणून कुळें निघालीं. महाडास कुळ मधें आलें म्हणून भरलें तळेंही पुरेना.

पाण्याची वांटणी करतां येते. १९६९ सालीं नेमलेल्या लवादानें कृष्णेचें पाणी तीन राज्यांत वांटून दिलें. पंच नेमण्याची तीच जुनी युक्ति. गांवच्या पाटावरही पाळ्या ठरतात व बहुधा पाळल्याही जातात. वांटतां येत नाहीं तो कुळाचा अभिमान. उन्हाळ्यांत सार्वजनिक नळावर घागरींची रांग लागते, तेथें पहिला अपशब्द पाण्याविषयीं असतो. दुसरा बहुधा जातीविषयीं. त्या दोन शब्दांच्या मधल्या क्षणीं “हें भांडण कशाचें?” असें कोणीं विचारावें, आणि उत्तर राजाकडून न घेतां घागर धरून उभ्या असलेल्या बाईकडून घ्यावें. बुद्धाचा प्रश्न आम्हांपर्यंत पोहोंचला आहे. पाणी कोणास मिळालें, हें मात्र आम्हांसच लिहावयाचें आहे.