गणिताच्या प्रश्नपत्रिकेतील आज्ञापदे : एक ऐतिहासिक टिपण

गणिताच्या प्रश्नात संख्या, चिन्हे व आकृती यांच्याबरोबर एक क्रियापदही असते. ‘काढा’, ‘सोडवा’, ‘दाखवा’, ‘सिद्ध करा’ ही पदे वाक्याच्या शेवटी येतात आणि विद्यार्थी बहुधा त्यांच्याकडे लक्ष न देता आकडेमोडीस लागतो. वस्तुतः उत्तरात काय अपेक्षित आहे आणि ते कोठे थांबवावयाचे, हे तेच पद ठरवीत असते. अशा पदांना येथे ‘आज्ञापदे’ म्हटले आहे. त्यांचे शालेय अर्थ केवळ कोशावरून कळत नाहीत. त्यांमागे भिन्न परंपरा आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) नियमामागून उदाहरण येते आणि त्यात ‘ब्रूहि’, ‘वद’, ‘कथय’, ‘आचक्ष्व’ अशी पदे आढळतात. या सर्वांचा अर्थ एकच : ‘सांग’. गणितदृष्ट्या त्यांत भेद नाही. छंदास जे जुळेल ते पद यावे. गुरू समोर आहे, रीत नुकतीच सांगितली आहे आणि शिष्याने फल तेवढे सांगावयाचे आहे. खानदेशातील पाटण येथे इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापिलेल्या मठास मिळालेल्या दानाची त्यात नोंद आहे. असे मठातील अध्ययन हीच या ‘सांग’ची स्वाभाविक पार्श्वभूमी होय.

या परंपरेस सिद्धता ठाऊक नव्हती, असे मात्र नव्हे. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘बुद्धिविलासिनी’ या लीलावतीवरील टीकेत (सुमारे १५४५) नियमांच्या उपपत्ती दिल्या आहेत. तथापि उपपत्ती देणे हे टीकाकाराचे काम होते. उदाहरणातील आज्ञापद ती शिष्याकडून मागत नाही.

युक्लिडच्या भूमितीत व्यवस्था निराळी आहे. त्याच्या पहिल्या खंडातील ४८ विधानांपैकी १४ कृत्ये व ३४ प्रमेये आहेत. कृत्य संपताना, करावयाचे होते ते केले, असा निर्वाळा दिला जातो. प्रमेय संपताना, दाखवावयाचे होते ते दाखविले, असा. तेथील ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थही ‘दाखविणे’ असाच आहे. परंतु भूमितीत त्यास ‘निरपवादपणे सिद्ध करणे’ असा अर्थ प्राप्त झाला.

या दोन्ही परंपरा महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात एकत्र आल्या. १८२० नंतरच्या दशकात मुंबईत जॉर्ज जर्व्हिस यांच्या पुढाकाराने पाश्चात्य गणिताची पुस्तके मराठीत होऊ लागली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले व १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. अशा लेखी परीक्षेत प्रश्न घालणारा व उत्तर देणारा यांची भेट होत नाही. ‘म्हणजे काय करू?’ असे विचारण्याची सोय नसल्यामुळे सर्व भार लिखित क्रियापदावर पडतो.

हा भार वाहण्यास मराठीने घरगुती क्रियापदेच पुढे केली. ‘काढणे’ हे त्यांतील सर्वांत कष्टाळू होय. ‘स्पर्शिका काढा’ आणि ‘स्पर्शिकेची लांबी काढा’ ही वाक्ये पाहावीत. पहिल्यात पट्टी व कंपास हाती घ्यावयाचा, दुसऱ्यात गणना करावयाची. इंग्रजीत येथे दोन क्रियापदे लागतात. मराठीत कर्मावरून अर्थ ठरतो. कर्म आकृती असेल तर रेखाटन, राशी असेल तर गणना. हा नियम मराठी भाषकास नकळत अवगत असतो, म्हणून ‘काढा’ सहसा घात करीत नाही.

घात होतो तो इतरत्र. ‘क² – ५क + ६ याचे अवयव पाडा’ असे विचारल्यावर विद्यार्थी (क – २)(क – ३) येथे न थांबता ‘क = २ किंवा ३’ असे लिहितो. समीकरण दिलेलेच नाही; त्याने न विचारलेल्या ‘सोडवा’चे उत्तर दिले. ‘दाखवा’ची गोष्ट अधिक गंभीर आहे. ‘दोन विषम संख्यांची बेरीज सम असते हे दाखवा’ या प्रश्नास एखादा विद्यार्थी ‘३ + ५ = ८’ असे उत्तर देतो. घरात ‘दाखव’ म्हणजे डोळ्यांसमोर आण. ते त्याने केले. परीक्षकाच्या मनात मात्र युक्लिडचे ‘दाखविणे’ असते : संख्या २म + १ व २न + १ मानाव्यात, बेरीज २(म + न + १) येते, म्हणून ती सम. एक उदाहरण हा पडताळा होय, सिद्धता नव्हे.

या विद्यार्थ्याचे गुण जातात ते सर्वस्वी गणिताच्या अज्ञानामुळे, असे म्हणता येत नाही. सिद्धतेची कल्पना त्यास नसेलही. परंतु ती आहे की नाही, हे या प्रश्नावरून कळतच नाही. ज्या घरात पुस्तकी मराठीचा वावर आहे तेथील मुलास हा संकेत कानावरून मिळतो. ज्यास तो केवळ शाळेतच मिळू शकतो, त्यास तो तेथे मिळाला नाही तर परीक्षा गणिताऐवजी त्याच्या घराची होते.

‘पक्ष’, ‘साध्य’, ‘कर्ण’ या संज्ञा आपण व्याख्या देऊन शिकवितो. ‘दाखवा’ व ‘पडताळा पाहा’, ‘अवयव पाडा’ व ‘सोडवा’ या जोड्याही तशाच, एकीसमोर दुसरी ठेवून, शिकविल्या पाहिजेत. आणि प्रश्नकर्त्यास सिद्धता हवी असेल, तर त्याने ‘सिद्ध करा’ असेच लिहावे.